व्याधी वेगळी, संशय वेगळा : वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासपाठ



एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीचे पुस्तक हातात येते आणि त्याच्यासोबत एक नको असलेला पाहुणाही येतो. रक्ताच्या कर्करोगाचे प्रकरण चालू असताना मानेला हात लागतो आणि बोटाखाली एक छोटीशी गाठ सापडते. हृदयविकार सुरू झाले की छातीत धडधड जाणवू लागते. मज्जासंस्थेच्या आजारांपर्यंत पोहोचेपर्यंत पोटरीचा स्नायू थरथरायला लागलेला असतो. रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत मोबाईलवर लक्षणे शोधली जातात. सकाळी वॉर्डमध्ये पोस्टिंग असते. आणि हे कोणाला सांगावे तर उद्या डॉक्टर होणाराच घाबरला म्हणून लोक हसतील, अशी धास्ती असते.

हा पाठ अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. नर्सिंग, दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी शिकणाऱ्यांनाही तो तितकाच लागू आहे. घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर पालकांनीही तो वाचावा. पाठाचे सूत्र एकच आहे : व्याधी हा एक अडथळा आहे आणि संशय हा दुसरा. एकावरचे औषध दुसऱ्यावर चालत नाही.

१. ही भीती नवी नाही

पहिली गोष्ट लक्षात घ्या, तुम्ही एकटे नाही. जॉर्ज लिंकन वॉल्टन या अमेरिकी चेताविकारतज्ज्ञाने १९०८ साली काळजी या विषयावर पुस्तक लिहिले. वैद्यकीय शिक्षकांकडे त्यांचेच विद्यार्थी वारंवार येतात आणि ज्या आजाराचा अभ्यास चालू आहे तोच आपल्याला झाला आहे असे सांगतात, हे त्यात नोंदलेले आहे. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, जेरोम के. जेरोम या इंग्रज लेखकाच्या विनोदी कादंबरीतला नायक ग्रंथालयात एका साध्या दुखण्याची माहिती वाचायला जातो आणि पुस्तकातले जवळजवळ सगळे आजार आपल्याला आहेत असे ठरवून बाहेर पडतो. तो तर वैद्यकीय विद्यार्थीही नव्हता.

१९६६ मध्ये अमेरिकेत या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आजार' हे नाव चांगलेच रूढ झाले. त्या अभ्यासात बहुसंख्य विद्यार्थ्यांनी अशी भीती कधी ना कधी अनुभवल्याचे सांगितले होते. पुढे संशोधकांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांची तुलना इतर शाखांच्या विद्यार्थ्यांशी केली. ब्रिटनमध्ये १९९८ आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासांत वैद्यकीय विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त चिंताग्रस्त आढळले नाहीत.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. आजाराची भीती सगळ्याच तरुण मुलांना वाटते. मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्या वर्गातही परीक्षेच्या आधी धडधड होते, डोके दुखते. फरक इतकाच, की आमच्याकडे त्या धडधडीला द्यायला नाव नसते. तुमच्याकडे नावांचे हजार पानांचे पुस्तक असते.

२. भीती तयार कशी होते?

ही भीती तीन पायऱ्यांनी चढते. त्या ओळखता आल्या तर मधल्याच पायरीवर थांबता येते.

(अ) लक्ष जाते तिथे संवेदना वाढते

आत्ता एक छोटा प्रयोग करा. तुमची जीभ तोंडात नेमकी कुठे टेकली आहे, तिकडे लक्ष द्या. आता एक आवंढा गिळा. पुढचा आवंढा कधी येतो याची वाट पाहा. क्षणापूर्वी जीभ तिथेच होती, तुम्ही गिळतही होतात, पण त्याची जाणीव नव्हती. आता ती जाता जात नाही. तुम्हाला कोणताही आजार झालेला नाही. फक्त लक्ष तिकडे वळले.

निरोगी तरुणाच्या शरीरातही दिवसभर खूप काही घडत असते. चोवीस तासांचा ईसीजी काढला तर अनेक निरोगी माणसांच्या हृदयात अधूनमधून एखादा जादा ठोका सापडतो. मानेत किंवा जांघेत छोट्या, मऊ, सरकणाऱ्या गाठी अनेकांना हाताला लागतात. जागरण, चहा-कॉफी आणि ताण यांनी पापणी फडफडते. आपल्याकडे डोळा लवला की आजी विचारते, उजवा की डावा? आणि त्यावरून शुभ-अशुभ सांगते. तोच डोळा लवला की वैद्यकीय विद्यार्थ्याला मोटर न्यूरॉन डिसीज आठवतो. आजी आणि नातू दोघेही एका साध्या फडफडीत भविष्य वाचत असतात.

(आ) पुस्तकातला नमुना हा जगाचा नमुना नसतो

समजा, एखाद्या शिकाऊ हिशेबनिसाला कंपनीत पहिले सहा महिने फक्त बुडीत कर्जांच्या फाइली तपासायला दिल्या. सातव्या महिन्यात त्याला प्रत्येक ग्राहक बुडवा वाटू लागेल. त्याची फाइल खरी असते, पण त्या फाइलीतून वेळेवर पैसे देणारे हजारो ग्राहक आधीच वगळलेले असतात. पॅथॉलॉजीचे पुस्तक आणि मोठ्या सरकारी रुग्णालयाचा वॉर्ड या अशाच फाइली आहेत. तिथे पोहोचलेली डोकेदुखी आधीच निवडलेली असते. ज्यांची डोकेदुखी झोप झाल्यावर थांबली, ते वॉर्डमध्ये आलेच नाहीत.

थोडे गणित करू. मोटर न्यूरॉन डिसीजचे नवे रुग्ण, युरोपातील नोंदींनुसार, दरवर्षी लाखामागे साधारण २ असतात. म्हणजे ५०,००० माणसांमागे वर्षाला १. तुमच्या वर्गात १५० विद्यार्थी असतील, तर या दराने त्या वर्गात एक रुग्ण निघायला सुमारे ३३३ वर्षे लागतील. शिवाय हा दर सर्व वयांचा मिळून आहे. रुग्णांपैकी बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले असतात. याउलट, तुमच्या वर्गात या महिन्यात किती जणांची पापणी किंवा पोटरी फडफडली, ते सहज विचारून पाहा. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशी निरुपद्रवी फडफड असलेल्या १२१ जणांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला. त्यांच्यापैकी एकालाही तो आजार झालेला नव्हता.

(इ) भीतीला शरीर उत्तर देते

ही पायरी सर्वांत फसवी आहे, आणि तिचे शरीरक्रियाशास्त्र तुम्ही पहिल्या वर्षीच शिकलेले आहात. भीती वाटली की ॲड्रेनॅलिन वाढते, हृदय जोरात चालते, हाताला घाम येतो, पोटात कालवाकालव होते. श्वास भरभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मग बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरते. ही लक्षणे काल्पनिक नसतात. मुंग्या खऱ्या असतात. पण त्यांचे कारण शोधायला गेलेला विद्यार्थी पुस्तकात मज्जासंस्थेचे प्रकरण उघडतो, भीती आणखी वाढते आणि मुंग्याही वाढतात. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपण उगाच म्हणत नाही.

३. पतंजलींनी केलेली विभागणी

योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत पहिली आहे व्याधी. त्याच यादीत संशय वेगळा मोजलेला आहे. भाष्यकार व्यासांनी व्याधीचा अर्थ शरीरातल्या धातू, रस आणि इंद्रिये यांची विषमता असा केला आहे. संशय म्हणजे दोन्ही टोकांना स्पर्श करणारे ज्ञान : हे असे असेल, किंवा नसेलही.

इतक्या जुन्या यादीत या दोघांना वेगवेगळी जागा दिलेली आहे, याचा विद्यार्थ्याने शांतपणे विचार करावा. पुढच्याच सूत्रात या अंतरायांचे सोबती सांगितले आहेत : दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. वर आपण ॲड्रेनॅलिनच्या भाषेत जे पाहिले, त्याच्याशी हे किती जुळते ते तुम्हीच पडताळा. थरथर आणि धाप ही विचलित चित्ताचीही लक्षणे असू शकतात, ही गोष्ट त्या परंपरेला ठाऊक होती.

आता व्यवहारात याचा अर्थ काय? व्याधीला तपासणी लागते, निदान लागते, औषध लागते. संशयाला तपासणी दिली तर तो थोडा वेळ शांत होतो आणि पुन्हा भूक लागल्यासारखा उभा राहतो. रिपोर्ट नॉर्मल आला की तो विचारतो, प्रयोगशाळा चुकली असेल तर? दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला की विचारतो, आजार अजून दिसण्याइतका वाढला नसेल तर? त्याला शंभर टक्के खात्री हवी असते, आणि जिवंत शरीराबद्दल अशी खात्री कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही.

४. खात्रीची सवय कशी लागते?

पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ मध्ये हे चक्र नीट मांडले. भीती वाटते, माणूस कोणाला तरी विचारतो, 'काही नाही रे' असे उत्तर मिळते, हायसे वाटते. पण मनाने धडा घेतलेला असतो की विचारल्यामुळेच आपण वाचलो. पुढच्या वेळी विचारण्याची ओढ अधिक तीव्र होते.

वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय हाताशीच असते. कॉरिडॉरमध्ये सीनियर भेटतात, ईसीजी काढणारा मित्र असतो, स्वतःचे रक्त तपासून घेता येते. ज्या विद्यार्थ्याला ही सवय लागते, त्याचे प्रश्न दहा जणांना विचारलेले असतात, आणि त्याला व्यवस्थित तपासलेले मात्र कोणीच नसते. मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा दाबली की ती दुखू लागते, आणि दुखणे हे नवे लक्षण म्हणून वहीत चढते.

यात पणाला काय लागले आहे, तेही पाहू. झोप जाते, अभ्यास मागे पडतो. काही जण ठरावीक वॉर्ड टाळू लागतात, म्हणजे शिकायच्या गोष्टीपासूनच पळू लागतात. आणि पुढे जाऊन ज्याला स्वतःची अनिश्चितता सोसता येत नाही, तो रुग्णाचीही सोसू शकत नाही. तो गरज नसताना तपासण्या लिहीत राहील. त्या तपासण्यांचा खर्च कोणाच्या तरी महिन्याच्या पगारातून जाणार आहे.

५. कधी डॉक्टरांकडे जायलाच हवे?

संशय ओळखायला शिकणे म्हणजे प्रत्येक लक्षण मनाचे खेळ म्हणून झटकणे नव्हे. वैद्यकीय विद्यार्थीही आजारी पडतात, आणि आपल्या देशात रुग्णालयात वावरणाऱ्याला क्षयरोगासारख्या संसर्गाचा धोका खराच असतो. पुढील गोष्टींत विचार करत बसू नका :

• दोन आठवडे किंवा अधिक काळ खोकला किंवा ताप, थुंकीतून रक्त, रात्री घाम येणे, कारण नसताना वजन घटणे.
• वाढत जाणारी, कडक किंवा काही आठवड्यांत न जाणारी गाठ.
• व्यायाम करताना भोवळ येऊन पडणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे.
• हातापायातली ताकद खरोखर कमी होणे. म्हणजे बटण लावता न येणे, पाऊल अडखळणे.
• वापरलेली सुई टोचणे. जखम दाबून रक्त काढू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध गरजेचे असेल, तर ते शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे ना, हे आजच तपासा.

यांतल्या प्रत्येक बाबीत करायची कृती ठरलेली आहे आणि तिला शेवटही आहे. व्याधीची चिंता कृतीकडे नेते आणि तिथे संपते. संशय मात्र कृतीनंतरही चालूच राहतो. तुम्ही कोणत्या वाटेवर आहात, हे ओळखण्याची ही एक चांगली खूण आहे.

भीतीमुळे झोप, जेवण किंवा अभ्यास बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आजाराच्या चिंतेला स्वतंत्र निदान म्हणून स्थान आहे. त्यात सहा महिन्यांचा निकष असला, तरी मदत घ्यायला सहा महिने थांबायची गरज नाही. सीबीटी नावाची, संवादातून होणारी उपचारपद्धती या त्रासावर उपयोगी ठरलेली आहे. भारत सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. घरापासून दूर, परराज्यातल्या हॉस्टेलमध्ये असाल तर हा क्रमांक लिहून ठेवा.

६. साधना करताना घ्यायची काळजी

इथे दोन सूचना महत्त्वाच्या आहेत.

पहिली : साक्षीभाव आणि चौकशी यांत फरक आहे. डोळे मिटून बसल्यावर काही जण हृदयाचा ठोका मोजू लागतात, एखादा चुकला का ते पाहतात. हे ध्यान नाही, हा वॉर्डचा राउंड झाला. असे होत असेल तर काही दिवस डोळे उघडे ठेवून बसा, बाहेरच्या आवाजांकडे लक्ष द्या, किंवा सावकाश चालत नामस्मरण करा.

दुसरी : प्रार्थनेचा ताईत करू नका. 'अकरा वेळा जप झाला की आजार नसेल' अशी अट मनाने घातली, तर तो जप सीनियरला विचारलेल्या प्रश्नासारखाच होतो. थोडा वेळ बरे वाटेल, मग आकडा एकवीस होईल. जप खात्रीसाठी करू नका. खात्री नसतानाही स्थिर राहता यावे, यासाठी करा.

पतंजलींनी या विक्षेपांवर एका तत्त्वाचा अभ्यास हा उपाय सांगितला आहे. विखुरलेल्या मनाला एका जागी आणणे हा त्याचा साधा अर्थ आपण रोजच्या व्यवहारातही धरू शकतो.

७. या आठवड्याचा स्वाध्याय

१. एक डॉक्टर. शरीराविषयीची शंका एकाच डॉक्टरांना, वेळ घेऊन, खुर्चीत बसून विचारा. कॉरिडॉरमधली विचारपूस बंद.

२. एक वेळ. धोक्याच्या यादीत नसलेले लक्षण वहीत एका ओळीत लिहा आणि ४८ तास पुढे ढकला. त्या काळात मोबाईलवर शोध नाही, हात लावून तपासणे नाही. दोन दिवसांनी त्या ओळीकडे पुन्हा पाहा.

३. एक श्वास. भीती आली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटे. धडधड गेली का हे तपासू नका. ती असली तरी उठून पुढचे काम करा.

४. एक वाक्य. मनात म्हणा, 'हा संशय आहे. याला आत्ता उत्तर देण्याची गरज नाही.' वाद घालू नका. संशयाशी वाद घातला की तो आणखी पुरावे मागतो.

५. एक रुग्ण. पोस्टिंगमध्ये रोज एका रुग्णाजवळ पाच मिनिटे बसा, आणि त्याला आजाराखेरीज काहीतरी विचारा. गाव कोणते, घरी कोण आहे, जेवला का? लक्ष स्वतःच्या नाडीवरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेले की मन कसे बदलते, ते स्वतः अनुभवा.

८. घरच्यांसाठी

मुलाचा फोन आला आणि तो म्हणाला, 'आई, मला काहीतरी मोठे झाले आहे', तर हसू नका आणि घाबरूही नका. 'काही नाही होत' असे दहा वेळा सांगण्यानेही त्याचे भले होत नाही, हे आपण वर पाहिले. एकदा विचारा : धोक्याच्या यादीतले काही आहे का? असेल तर आजच डॉक्टरांकडे पाठवा. नसेल तर म्हणा, 'तुला भीती वाटते आहे हे कळतंय. जेवलास का? किती झोपलास?' आणि गप्पा दुसऱ्या विषयाकडे न्या.

९. चिंतनासाठी प्रश्न

• गेल्या महिन्यात तुम्हाला कोणते आजार झाल्यासारखे वाटले? त्यांची आणि अभ्यासक्रमाची यादी शेजारी ठेवा.
• तुम्ही शेवटचे 'मला हे आहे का?' असे कोणाला विचारले? मिळालेले समाधान किती तास टिकले?
• शंभर टक्के खात्री नसतानाही तुम्ही रोज करता अशी कोणती कामे आहेत?

एक शेवटचा विचार. काही वर्षांनी तुमच्या ओपीडीत कोणीतरी जाडजूड फाइल घेऊन येईल. सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील, आणि ती व्यक्ती म्हणेल, 'डॉक्टर, तरी मला बरं वाटत नाही.' बाहेर रांग असेल, तुम्हाला घाई असेल. त्या वेळी तिला नीट तपासा, आणि तपासून झाल्यावर तिला खुर्चीत बसू द्या. तिच्या फाइलीत व्याधी नसेल, पण संशयाने रात्र कशी जाते हे तुम्हाला पुस्तकाशिवाय माहीत असेल.